शिक्षेनंतरचे तीस दिवस

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘फौजदारी अपील आणि शिक्षेनंतरचे उपाय’ असा विषय छापलेला पाहून कित्येकांनी नाक मुरडले असेल, हे आम्ही जाणून आहोत. बक्षीस समारंभ व्हावयाचा आहे, वसतिगृहाच्या नव्या खोल्यांची वर्गणी जाहीर व्हावयाची आहे, सायंकाळी भगिनीमंडळाचे हळदीकुंकू आहे, आणि मध्येच हा तुरुंगाचा विषय कशासाठी? एका ज्येष्ठ सभासदांनी तर आम्हांस बाजूस घेऊन विचारले, की आपल्या लोकांत या माहितीची गरज कोणास आहे? त्यांस आम्ही तेथे उत्तर दिले नाही. चाळीस वर्षे आम्ही फौजदारी वकिली केली. या काळात ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे आमच्याकडे आली, पण ती बहुधा दिवेलागण झाल्यावर, शेजाऱ्यांची नजर चुकवून आली. लग्नाची पत्रिका द्यावयास येणारा मनुष्य दिवसाउजेडी येतो. शिक्षा झालेल्या मनुष्याचा भाऊ अंधारात येतो, आणि पुष्कळदा पंचेचाळिसाव्या दिवशी येतो, जेव्हा मुदत तीस दिवसांची असते. या पंधरा दिवसांविषयीच आम्हांस आज बोलावयाचे आहे.

निकालाच्या दिवशी काय घडते ते पाहा. न्यायाधीश शिक्षा वाचून दाखवितात. घरचे लोक बाकावरून उठतात. पोलीस आरोपीस आत नेतो. त्या क्षणापासून घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात : एक रडारड आणि दुसरी लपवालपव. मुलीचे जमत आलेले लग्न मोडेल म्हणून मामा सांगतो की, कोणाकडे बोलू नका. चुलते म्हणतात, हा वकील नालायक, दुसरा पाहा. दुसरा पाहण्यात दहा दिवस जातात. पहिल्या वकिलाकडे कागद अडकलेले असतात, आणि त्याची राहिलेली फी द्यावी की न द्यावी या वादात आणखी आठ दिवस जातात. कोणी तरी शहाणा सांगतो, “त्याच न्यायाधीशांस पुन्हा अर्ज करा, ते सज्जन आहेत.” ते सज्जन असतीलही, परंतु निकालावर एकदा सही झाली की लेखनातील चूक दुरुस्त करण्यापलीकडे तो न्यायाधीश स्वतःच्या निकालास हात लावू शकत नाही, असा कायदा आहे. त्याच्या दारात घालविलेला वेळ अक्षरशः वाया जातो.

मुदतीचा हिशेब सोपा आहे. १९६३ च्या मुदत कायद्यान्वये उच्च न्यायालयाकडे करावयाच्या अपिलास साठ दिवस आणि इतर न्यायालयांकडे करावयाच्या अपिलास तीस दिवस मिळतात. सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली असेल तर मात्र मुदत तीसच दिवसांची आहे. सही-शिक्क्याची नक्कल मिळण्यास जे दिवस लागले ते या मुदतीतून वगळले जातात, म्हणून नकलेसाठी अर्ज त्याच दिवशी झाला पाहिजे. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीस निकालाची प्रत निकाल होताच विनामूल्य दिली पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४०४ सांगते. (ही संहिता २०२३ ची, १ जुलै २०२४ पासून लागू झाली. जुन्या वकिलांच्या तोंडी अद्याप १९७३ च्या संहितेचेच आकडे आहेत, आमच्याही आहेत. ते बदलले, पण अपिलाचा गाभा फारसा बदललेला नाही.) मुदत टळली तर सर्व संपले असेही नाही. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. परंतु “लोक काय म्हणतील म्हणून घरात बसलो” हे कारण कोणत्या न्यायाधीशापुढे सांगावयाचे?

आता अपील म्हणजे काय. आपल्याकडे न्यायदंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयाकडे आणि सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयाकडे अपील जाते. ही शिडी असणे किती मोलाचे आहे, आणि ती नसणे म्हणजे काय, या दोहोंचे उदाहरण आपणांस एकाच मनुष्याच्या चरित्रात सापडते. ताईमहाराज प्रकरणात लोकमान्य टिळकांस १९०३ साली दंडाधिकाऱ्याने अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. सत्र न्यायाधीशांनी अपिलात ती सहा महिन्यांवर आणली. १९०४ साली उच्च न्यायालयाने दोषसिद्धीच रद्द केली. तेच कागद, तेच साक्षीदार. तीन ठिकाणी तीन निर्णय. मात्र १९०८ चा राजद्रोहाचा खटला प्रथमपासून मुंबई उच्च न्यायालयातच ज्यूरीपुढे चालला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी दोषी ठरविले, सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि वर जाण्यास पायरीच उरली नाही. प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागितली ती नाकारली गेली. लोकमान्य मंडालेस गेले. लोकमान्यांस जी पायरी १९०८ साली मिळाली नाही, ती आज गावच्या साध्या शेतकऱ्यास हक्काने मिळते. तिच्यावर पाऊल न ठेवता घरी बसणे यास काय म्हणावे?

अपील म्हणजे खटला पुन्हा चालविणे नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. साक्षीदार सामान्यतः पुन्हा येत नाहीत. जे खालच्या न्यायालयात लिहिले गेले तेच वरचे न्यायालय वाचते. परंतु पहिल्या अपिलात ते सर्व वाचलेच पाहिजे, पुराव्याचे स्वतंत्र मोजमाप केलेच पाहिजे, हा आरोपीचा हक्क आहे. अपिलकर्त्याचा वकील तारखेस आला नाही म्हणून फौजदारी अपील काढून टाकता येत नाही. कागद पाहून गुणदोषांवरच निर्णय द्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरविले आहे. एखादा महत्त्वाचा पुरावा राहून गेला असेल तर तो घेण्याचा अधिकारही अपिलाच्या न्यायालयास आहे, मात्र तो अपवाद म्हणून. म्हणून मूळ खटल्यात उलटतपासणी ढिली झाली असेल तर अपिलात बृहस्पती उभा केला तरी त्याच्या हाती फारसे काही नसते. आमच्या व्यवसायबंधूंस हे वाक्य रुचणार नाही. पण पक्षकारांनी मोठ्या वकिलासाठी शेत विकावयाचे ते शिक्षा होण्यापूर्वी विकावे की नंतर, याचा विचार व्हावा म्हणून बोलतो.

एक भीती फार खोल रुजलेली आहे, की अपील केले तर शिक्षा वाढेल. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढविता येत नाही. सरकारने वाढीसाठी वेगळे अपील केले, अथवा उच्च न्यायालयाने आपण होऊन पुनरीक्षण हाती घेतले, तर वाढू शकते. परंतु तेव्हाही आरोपीस नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, आणि अशा वेळी तो आपण निर्दोष असल्याचेही मांडू शकतो. याच्या उलट ज्या गोष्टीची भीती बाळगावी ती कोणी बाळगीत नाही, ती म्हणजे कबुली. “कबूल करून टाक, दंड भरून मोकळा हो, चकरा वाचतील” हा सल्ला न्यायालयाच्या आवारात चहाबरोबर मिळतो. कबुलीवरून झालेल्या दोषसिद्धीवर अपील नाही. केवळ शिक्षा किती व ती कायदेशीर आहे काय, एवढ्यापुरतेच ते चालते. आमच्या परिचयाच्या एका तरुणाने हाणामारीच्या किरकोळ खटल्यात असे ‘मोकळे होऊन’ घेतले. पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तोच कागद त्याच्या आडवा आला. अशा तरुणांसाठी १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे. पहिलाच व सौम्य अपराध असेल तर शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते, हा अधिकार अपिलाच्या न्यायालयासही आहे, आणि असे सोडल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्या मनुष्यास चिकटत नाही. खात्याची शिस्तभंगाची कारवाई मात्र यामुळे आपोआप टळत नाही. त्या तरुणाकरिता हा मार्ग कोणी मागितलाच नाही, कारण मागावयास कोणी नव्हते.

अपील दाखल झाले म्हणजे मनुष्य घरी येतो असे नाही. त्यासाठी शिक्षेच्या स्थगितीचा व जामिनाचा वेगळा अर्ज करावा लागतो. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि आरोपी खटल्यात जामिनावर असेल, तर शिक्षा देणारे न्यायालयच अपील करण्यापुरता जामीन देऊ शकते. निकालाच्या दिवशी वकिलाने हा अर्ज लिहून खिशात ठेवलेला असावा. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेस पात्र अपराध असेल तर सरकारी वकिलास आधी लेखी हरकत घेण्याची संधी दिली जाते. अपील वर्षानुवर्षे सुनावणीस येत नसेल तर मनुष्यास आत डांबून ठेवणे न्यायाचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच म्हटले आहे. सरकारी नोकरीतील बांधवांनी आणखी एक भेद लक्षात घ्यावा. शिक्षेस स्थगिती मिळाली म्हणजे दोषसिद्धीस स्थगिती मिळाली असे नव्हे. पहिलीमुळे मनुष्य तुरुंगाबाहेर राहतो. त्याची नोकरी दुसरीवर अवलंबून असते, कारण फौजदारी दोषसिद्धीवरून चौकशीविना बडतर्फ करण्याची मुभा संविधानाच्या अनुच्छेद ३११ मध्येच आहे. दुसरी क्वचित मिळते व तिच्यासाठी न पुसून निघणारे कोणते नुकसान होईल ते नेमके दाखवावे लागते.

आता ज्यांच्यापाशी पैसाही नाही आणि धावपळ करणारे माणूसही नाही त्यांचे काय? तुरुंगात असलेला मनुष्य आपले अपील तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती देऊ शकतो. तो अधिकारी ते न्यायालयाकडे पाठविण्यास बांधलेला आहे. वकील नसला तरी चालते. बंदिवासातील प्रत्येकास, त्याचे उत्पन्न काहीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, स्त्रियांसही आहे. या हक्काचे मूळ महाराष्ट्रातील एका खटल्यात आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. विद्यापीठाच्या बनावट प्रमाणपत्रांच्या प्रकरणात एका प्राध्यापकास सत्र न्यायालयाने नाममात्र शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने सरकारच्या अपिलावरून ती तीन वर्षे केली. त्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे चार वर्षांहून अधिक विलंबाने आला. कारण काय, तर उच्च न्यायालयाने निकालाची नक्कल तुरुंगाकडे धाडली होती, आणि कैदी म्हणत होता की ती आपल्या हाती पडलीच नाही. पोचपावती नव्हती. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचा अर्ज फेटाळला. त्याच निकालात मात्र असे ठरवून दिले की नक्कल कैद्यास विनामूल्य व वेळेत मिळाली पाहिजे, तुरुंगाधिकाऱ्याने त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील नेमणे त्याच्या ऐपतीबाहेर असेल तर न्यायालयाने तो पुरविला पाहिजे. त्या मनुष्यास स्वतःला काही मिळाले नाही; जे मिळाले ते त्याच्या मागून आलेल्यांस मिळाले.

उच्च न्यायालय दूर आहे ही तक्रार दक्षिणेकडील सहा जिल्ह्यांपुरती तरी कमी झाली आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग येथील प्रकरणांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ बसू लागले. सावंतवाडीचा मनुष्य पूर्वी एका तारखेसाठी रात्रभर प्रवास करून मुंबईस जाई व “पुढील तारीख” एवढे दोन शब्द ऐकून परत येई. आम्ही अशांच्या सोबतीने कित्येक रात्री गाडीत काढल्या आहेत.

उच्च न्यायालयाच्या वर सर्वोच्च न्यायालय आहे. तेथे बहुतेक वेळा विशेष परवानगी मागून जावे लागते. तेथील निकालावर पुनर्विलोकनाचा अर्ज आहे, आणि २००२ सालापासून त्यापलीकडे एक अगदी अरुंद असा उपचारात्मक अर्जही आहे. हे दरवाजे बहुधा बंदच असतात, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवू नये असे आम्ही पक्षकारांस सांगत आलो. परंतु एका प्रकरणाने आमचे तोंड बंद केले आहे. जून २००३ मध्ये महाराष्ट्रातील एका शेतवस्तीवर पाच जणांचे खून झाले, अत्याचार झाले. भटक्या जमातीतील सहा जणांस पकडण्यात आले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांस जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या उरलेल्या तिघांचीही फाशी केली, आणि तीही त्यांचे म्हणणे न ऐकता. मघाशी आम्ही म्हणालो की शिक्षा वाढविण्यापूर्वी ऐकले पाहिजे. तेच येथे झाले नव्हते. फाशीच्या प्रकरणातील पुनर्विलोकन अर्ज खुल्या न्यायालयात ऐकावेत असे २०१४ साली ठरले. पुढे २०१८ साली २००९ चा निकाल मागे घेण्यात आला, आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस निर्दोष सोडले. घटनेनंतर लगेच एका प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांपाशी असलेल्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांस ओळखले होते, हे त्या कागदांत पहिल्यापासून होते. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. तीन न्यायालये त्या कागदावरून पुढे गेली होती. सहा जणांस प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा हुकूम सरकारला झाला. सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचे मध्यंतरी सिद्ध झाले होते. सोळा वर्षे गेली ती गेलीच. चुकीने शिक्षा भोगलेल्यांस भरपाई देण्याचा कायदा करावा अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ साली आपल्या २७७ व्या अहवालात केली; तसा कायदा झालेला नाही.

अल्पवयाचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगतो. अपराधाच्या वेळी आपण अठरा वर्षांखालील होतो हे म्हणणे कोणत्याही टप्प्यावर, अगदी शेवटचा निकाल लागल्यावरही, मांडता येते. पुण्यातील १९९४ च्या एका खून खटल्यात फाशी झालेला मनुष्य मार्च २०२३ मध्ये सुटला, तो अठ्ठावीस वर्षे तुरुंगात काढून. कारण घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता, असे त्याच्या राजस्थानातील शाळेच्या दाखल्यावरून ठरले. खटल्याच्या दप्तरात त्याचे नावही निराळेच लागले होते. शाळेच्या रजिस्टरातील ती एक ओळ पंचवीस वर्षे कोणी पाहिली नाही. मुलांचे दाखले नीट जपून ठेवा असे आपण परीक्षेसाठी सांगतो. त्यांचा उपयोग येथवर पोचतो.

दया आणि सूट यांविषयी थोडक्यातच बोलतो, कारण लोकांचा गोंधळ येथेच फार आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे ही समजूत चुकीची आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले सबंध आयुष्य, हे १९६१ साली महाराष्ट्रातीलच एका कैद्याच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. सरकार सूट देऊ शकते, पण ज्या अपराधास फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेपेच्या कैद्यास चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्यावाचून ती देता येत नाही. राष्ट्रपतींची व राज्यपालांची दया हा आणखी वेगळा अधिकार आहे. नानावटी यांस १९६४ साली राज्यपालांनी क्षमा केली हे जुन्या मंडळींस आठवत असेल. परंतु त्या क्षमेने न्यायालयाच्या निकालातील एक अक्षर बदलले नाही. दयेने मनुष्य सुटतो. आपला निकाल चूक होता असे न्यायालयानेच म्हणावे यासाठी अपीलच करावे लागते.

आणि आता ज्यासाठी आम्ही हा विषय मागून घेतला ते सांगतो.

आपल्यातील काही जणांस आठवत असेल, की आपल्या बक्षीस समारंभात पूर्वी शालान्त परीक्षेत प्रथम येणाऱ्या मुलीस एका मातोश्रींच्या नावे बक्षीस दिले जाई. ते देणारे गृहस्थ गावच्या सहकारी सोसायटीचे सचिव होते. सोसायटीच्या हिशेबात तूट निघाली, खटला झाला, आणि २००९ साली दंडाधिकाऱ्यांनी त्यांस तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. ते जामिनावर होते, अपील सत्ताविसाव्या दिवशी दाखल झाले, शिक्षेस स्थगिती मिळाली. पुढल्या वर्षी, २०१० साली, मंडळाच्या कार्यकारिणीने ठराव करून त्यांचे आजीव सभासदत्व काढून घेतले आणि बक्षीस बंद केले. ठेवीची रक्कम मनिऑर्डरने परत पाठविली. त्या ठरावाखाली सात सह्या आहेत. त्यांतील एक आमची आहे. इतर सहा जण व्यापारी, शिक्षक, शेतकरी होते. अपील प्रलंबित असणे म्हणजे काय हे त्यांस ठाऊक नसणे समजण्यासारखे आहे. आम्हांस ठाऊक होते. मंडळाच्या नावास बट्टा लागू नये म्हणून आम्ही सही केली, आणि त्या दिवशी घरी जाऊन जेवलोही. आमच्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली झाला व पुढल्या वर्षी लागू झाला. आमचा ठराव त्याच्या कक्षेत आला असता की नाही या वादात आम्ही शिरत नाही. ठराव त्याच्या आधीचा आहे एवढाच आमचा बचाव आहे, आणि तो वकिली बचाव आहे.

२०१३ साली ते गृहस्थ वारले. अपील सुनावणीस आलेच नव्हते. बाविसाव्या दिवशी त्यांच्या पत्नी आमच्या घरी आल्या, त्या दुपारी, पुढच्या दाराने. त्या म्हणाल्या, “भाऊ, हे गेले. नाव तेवढे कोर्टात राहिले आहे. ते कोणी सोडवायचे?” न्यायालयातील कोणी त्यांस सांगितले होते की मनुष्य मेला, केस मिटली. सामान्यतः मिटतेच. परंतु कैदेच्या शिक्षेवरील अपील प्रलंबित असता अपिलकर्ता वारला, तर आईवडील, पती वा पत्नी, मुले-नातवंडे, भाऊ किंवा बहीण यांस मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत ते पुढे चालविण्याची परवानगी मागता येते. तेव्हाचे कलम ३९४, आजचे ४३५. येथेही तीसच दिवस, आणि तेही सुतकाचे, तेराव्याचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे. आमच्या हाती आठ दिवस होते. मृत्यूचा दाखला मिळविण्यात चार गेले. अठ्ठाविसाव्या दिवशी अर्ज दाखल झाला.

२०१६ साली सत्र न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. लेखापरीक्षणाने तूट सिद्ध होत होती. ती कोणाच्या हातून झाली ते सिद्ध होत नव्हते. पावतीपुस्तके दुसऱ्याच्याच ताब्यात असत, रोजकीर्दीतील वादग्रस्त नोंदी दुसऱ्या हाताच्या होत्या, आणि ते दोघेही न्यायालयापुढे साक्षीस आलेच नव्हते. हे सर्व पहिल्या निकालाच्या वेळीही कागदांत होते. काही सभासदांनी तेव्हा आम्हांस ऐकविले, की सुटले ते संशयाचा फायदा मिळून. आम्ही त्यांस एवढेच विचारतो, की सरकारला अपराध शाबीत करता आला नाही याचा अर्थ आरोपीने आणखी काही शाबीत करावयाचे राहिले, असा होतो काय? कायद्यात सुटकेच्या दोन प्रती नाहीत, एक स्वच्छ आणि एक डागाळलेली. त्या बाईंनी निकालाची नक्कल मंडळाच्या कार्यालयाकडे नोंदणीकृत टपालाने धाडली. पोच त्यांच्यापाशी आहे. उत्तर गेल्याचे मात्र कार्यालयाच्या जावक वहीत दिसत नाही. आम्ही ती वही गेल्या महिन्यात स्वतः चाळली.

अध्यक्षमहाशय, आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे आमचा एक प्रस्ताव आहे. २०१० चा तो ठराव रद्द करावा, त्या गृहस्थांचे नाव दिवंगत आजीव सभासदांच्या यादीत घालावे, आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाचे बक्षीस यंदापासून पुन्हा सुरू करावे. ठेवीची मूळ रक्कम त्यांच्या पत्नीने पुन्हा भरण्याची तयारी दाखविली आहे. ती न घेता जुन्या सह्या करणाऱ्यांनी ती भरावी अशी आमची सूचना आहे, व आमचा वाटा आम्ही कोषाध्यक्षांकडे दिलेला आहे. सातांपैकी तिघे हयात आहेत. दुसरे, मंडळाने तीन जणांची एक लहान समिती नेमावी. ज्या घरात शिक्षा झाली असेल त्या घरी तिने पहिल्या आठवड्यातच जावे, नकलेचा अर्ज झाला की नाही ते पाहावे, वकील नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या दारापर्यंत सोबत करावी. पैसे देण्याचे काम तिच्याकडे नको. दिवस मोजण्याचे काम पुरे आहे.

निकालाची नक्कल आम्ही कार्यवाहांच्या टेबलावर ठेवली आहे. एकवीस पाने आहेत. सभेपूर्वी भोजनाची सुटी तासाभराची आहे. ज्यांस वाचावयाची असेल त्यांनी ती वाचावी.